समांतर आरक्षण, महिलांचे (महाराष्ट्र शासकीय सेवा)

शासकीय सेवेच्या सरळसेवा भरतीत प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत महिलांसाठी राखलेला हिस्सा. महाराष्ट्रात तो ३० टक्के आहे. त्याचा आरंभ सामान्यतः १९९४ च्या राज्य महिला धोरणाशी जोडला जातो. कार्यपद्धतीचा मुख्य आधार मात्र २५ मे २००१ चा शासन निर्णय होय.

घटनात्मक आधाराविषयी मतभेद होते. अनुच्छेद १६(२) नोकरीत लिंगावरून भेदभावास मनाई करतो, आणि महिलांसाठी विशेष तरतुदीची मुभा अनुच्छेद १५(३) मध्ये आहे. ही मुभा नोकऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आंध्र प्रदेश शासन विरुद्ध पी. बी. विजयकुमार या प्रकरणात ठरविले. हेच मत अधिक ग्राह्य वाटते, कारण विवाहित स्त्रीला सेवेबाहेर ठेवू पाहणारे नियम स्वातंत्र्यानंतरही टिकून होते. परराष्ट्र सेवेतील अशा नियमांवर सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात न्यायालयाने १९७९ मध्ये कठोर ताशेरे ओढले.

‘उभे’ आणि ‘आडवे’ आरक्षण हा भेद इंद्रा साहनी निकालाने (१९९२) स्पष्ट केला. जातीनिहाय आरक्षण उभे, तर महिलांचे आडवे (समांतर), म्हणजे प्रत्येक प्रवर्गाला छेदून जाणारे. मोजणीची रीत राजेशकुमार दारिया निकालात (२००७) आढळते. समजा, एका प्रवर्गाची २० पदे आहेत; त्यांपैकी ६ महिलांची. आधी गुणानुक्रमे २० जणांची यादी करावयाची. तीत ७ महिला आल्या, तर कोणालाही हलवावे लागत नाही. चारच आल्या, तर यादीतील शेवटचे दोन पुरुष वगळून त्याच प्रवर्गातील पुढच्या दोन महिला घ्यावयाच्या. गुणवत्तेवर आलेल्या महिलाही कोट्यातच मोजल्या जातात, हे येथे महत्त्वाचे. जातीनिहाय आरक्षणात तसे होत नाही.

खरा वाद खुल्या प्रवर्गातील महिलांच्या पदांचा होता. मागासवर्गीय महिलेला अधिक गुण असूनही त्या पदांवर घ्यावयाचे नाही, असा अर्थ काही उच्च न्यायालयांनी लावला. मुंबई उच्च न्यायालयाचे मत विरुद्ध होते. सौरव यादव प्रकरणात (डिसेंबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाजूचे मत उचलून धरले. खुला प्रवर्ग हा कोणाचाही राखीव कोटा नव्हे, ही त्यामागील भूमिका न्याय्यच आहे. खुल्या गटातील महिलांना लागू असलेली नॉन-क्रीमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या) प्रमाणपत्राची अट राज्याने २०२३ मध्ये काढून टाकली.

पात्र महिला न मिळाल्यास पद त्याच प्रवर्गातील पुरुषाकडे जाते. वरिष्ठ पदांवर बदल उशिरा झाला : रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या महिला पोलीस महासंचालक, तर सुजाता सौनिक त्याच वर्षी जूनअखेरीस पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या.

अंगणवाडी सेविका व आशा या मानधनावर काम करतात. अंगणवाडी सेविकांची पदे नागरी सेवेतील नव्हेत, असे अमीरबी निकालाने (२००६) ठरविल्यामुळे शासनाचे काम गावोगाव पोहोचविणारा हा मोठा स्त्रीवर्ग या ३० टक्क्यांच्या हिशेबाबाहेर राहतो.