इलेक्ट्रिक गिटारच्या टोनमधील आवाजाचा मेळ

इलेक्ट्रिक गिटारवादकाला एकाच गाण्यात तीन-चार टोन लागतात: कडव्याला क्लीन म्हणजे निर्मळ सूर, ध्रुवपदाला क्रंच म्हणजे किंचित खरखरीत सूर किंवा जड डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम फाडलेला सूर, सोलोला लांबवर टिकणारा लीड. एका टोनवरून दुसऱ्यावर जाताना कानाला धक्का बसू नये, गिटार बाकीच्या वाद्यांत बुडू नये आणि त्यांच्यावर चढूही नये, अशा बेताने प्रत्येक टोनचा आवाज लावून घेण्याला टोनमधील आवाजाचा मेळ म्हणतात. मराठीत ‘आवाज’ हा शब्द ध्वनीलाही चालतो आणि त्याच्या लहानमोठेपणालाही. या नोंदीत तो फक्त दुसऱ्या अर्थाने घेतला आहे.

वरवर पाहता काम सोपे वाटते: सगळे टोन मीटरच्या एकाच रेघेवर आणून ठेवावेत. प्रत्यक्षात तसे केले की मेळ हमखास बिघडतो, कारण मीटरवरची पातळी आणि कानाला जाणवणारा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्लीन टोनमध्ये तार छेडली की पहिल्या क्षणी उंच शिखर उठते आणि सूर भराभर खाली येतो. डिस्टॉर्शनमध्ये हेच शिखर छाटले जाते आणि मागून येणारा सूर जवळजवळ त्याच उंचीवर बराच वेळ टिकून राहतो. शिखरे मोजणाऱ्या मीटरवर दोन्ही सारखे दिसले, तरी डिस्टॉर्शनची सरासरी पातळी कितीतरी जास्त असते, आणि कान सरासरीकडे अधिक लक्ष देतो.

यात कंप्रतेची भर पडते. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे उपस्वर नेमके याच पट्ट्यात दाटी करतात. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये सम-आवाज वक्र प्रसिद्ध केले, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतेचे सूर सारखेच मोठे वाटायला किती पातळी लागते ते दाखवणारे आलेख. त्यांतली एक गोष्ट गिटारवादकाने पाठच करावी: आवाज कमी असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो झपाट्याने परत येतो. म्हणूनच घरी हळू आवाजात, खर्ज वाढवून आणि मधला पट्टा खाली ओढून लावलेला भारदस्त टोन रंगमंचावर घुमायला लागतो, आणि त्याची धार मात्र कुठेच सापडत नाही. मेळ ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात लावावा. या नियमाला पर्याय नाही.

सुरुवात क्लीनपासून करणे उत्तम. क्लीन टोनच्या शिखरांना डोक्यावर मोकळी जागा लागते. ती संपली की क्लीन टोन क्लीन राहतच नाही. आधी डिस्टॉर्शन मनासारखे मोठे केले आणि मग क्लीनला त्याच्यापर्यंत खेचू लागलो, तर ऍम्प (ध्वनिवर्धक) किंवा मल्टीइफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र देणारे यंत्र) मध्येच करकरू लागतो. त्यापेक्षा क्लीन जितका मोठा आणि तरीही निर्मळ राहील तिथे थांबवावा आणि बाकीचे टोन त्याच्या मापाला खाली आणावेत.

खाली आणायचे ते कोणत्या नॉबने, इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. डिस्टॉर्शनचा गेन, म्हणजे सूर किती फाडायचा ते ठरवणारा नॉब, वाढवला तर आवाज थोडाच वाढतो, खरखर मात्र भरपूर वाढते. मल्टीइफेक्टमधल्या, ऍम्पची नक्कल करणाऱ्या मॉडेलचा मास्टर व्हॉल्यूम हलवला तरी टोनचा पोत बदलतो. पोताला हात न लावता फक्त आवाज बदलायचा, तर गिटारपुढे एकामागून एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या शेवटची पातळी हलवावी लागते: पॅचचा (यंत्रात साठवलेल्या टोनचा) लेव्हल किंवा मॉडेलचा चॅनल व्हॉल्यूम. सूर जोरकस करणाऱ्या बूस्ट पेडलचेही तसेच. ते डिस्टॉर्शनच्या आधी ठेवले तर सूर अधिक तापतो, डिस्टॉर्शननंतर ठेवले तर खरोखर मोठा होतो. सोलोच्या वेळी बूस्ट दाबूनही गिटार पुढे येत नसेल, तर पहिल्यांदा पेडलची जागा पाहावी.

गिटारच्या अंगातही असमतोल असतो, तो पिकअपमुळे, म्हणजे तारेचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी उपकरणामुळे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी घडवलेल्या, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, आवाज सहसा सिंगल कॉइलपेक्षा जोरकस असतो. एकाच गिटारवर दोन्ही असतील तर स्विच फिरवताच उडी जाणवते. शिवाय नेकजवळ तारेचा झोका रुंद असतो, त्यामुळे तिथला पिकअप ब्रिजच्या पिकअपपेक्षा थोडा खाली बसवतात. हे काम स्क्रू-ड्रायव्हरच्या अर्ध्या फेऱ्याचे आहे: अर्धा फेरा द्यावा, दोन्ही पिकअपवर तेच वाजवून ऐकावे, मग पुन्हा अर्धा. पिकअप तारेच्या फार जवळ आला तर चुंबक जाड तारांना ओढू लागतो आणि सूर डळमळतो.

लेस पॉलसारख्या गिटारवर प्रत्येक पिकअपला स्वतंत्र व्हॉल्यूम नॉब असतो. त्यामुळे एक साथीसाठी कमी आणि दुसरा सोलोसाठी पूर्ण, असे आधीच लावून ठेवता येते. १९६६ मध्ये आलेल्या फझ फेससारख्या डिस्टॉर्शन पेडलचा सूर गिटारचा व्हॉल्यूम उतरवताच सौम्य, जवळजवळ क्लीन होतो. नुसत्या बोटांवर मेळ सांभाळण्याची ही जुनी आणि फार देखणी रीत आहे. व्हॉल्यूम उतरवला की तार सप्तकाची चमक थोडी हरवते, त्यासाठी काही जण नॉबला एक लहान कपॅसिटर जोडून घेतात.

तुलना करताना साखळीच्या अगदी सुरुवातीला लूपर (वाजवलेले नोंदवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल) ठेवून एकच तुकडा सगळ्या टोनमधून ऐकला, तर हात मोकळे राहतात. पण हा फक्त कच्चा अंदाज. क्लीनवर आपण एकेक तार सुटी वाजवतो आणि जड टोनवर तळव्याने तारा दाबून वाजवलेले रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे), त्यामुळे अखेरचा निवाडा गाण्यातला खरा तुकडा वाजवूनच करावा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधले लुफ्स मीटर शिखरे न मोजता कानाला धरून सरासरी मोजते. त्यामागचे बीएस.१७७० हे मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे, २००६ सालचे. पहिल्या फेरीला त्याची चांगली मदत होते.

सगळे टोन एका पातळीवर आणणे हा शेवट नव्हे. ध्रुवपद कडव्यापेक्षा किंचित वर असावे, सोलो त्याहून वर. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, आणि सोलोला बहुधा ३ डेसिबल पुरतात, त्यातही मधला पट्टा उचलला असेल तर. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणते आणि गिटार बँडमधून वर काढते ते याच जोरावर. उलट, रिव्हर्ब (घुमारा) वाढवला की तोच सोलो मागे सरकतो.

मेळ नसला की पहिला फटका क्लीनला बसतो. ध्वनिमिश्रक सर्वांत मोठ्या टोनला धरून फेडर (मिक्सरवरची पातळीची पट्टी) खाली घेतो आणि कडव्यातली नाजूक गिटार श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही. तासभर नॉब फिरवून कानही बोथट होतात, म्हणून लावलेले टोन दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात, शक्यतो ड्रम आणि बेससोबत, पुन्हा ऐकावेत. जागा बदलल्यावर सगळेच टोन घुमू लागले तर एकेक पॅच उसवत बसू नये. यंत्राचा सामायिक इक्यू (खर्ज, मधला पट्टा वगैरे कमीजास्त करणारे नॉब) बदलला की सगळे टोन एकत्र हलतात आणि आपापसांतले अंतर बहुतांशी तसेच राहते.