दोलेर, इंग्री व एडगर पारिन

दोलेर, इंग्री (२७ डिसेंबर १९०४ – २४ ऑक्टोबर १९८०) व एडगर पारिन (३० सप्टेंबर १८९८ – १ मे १९८६). अमेरिकेत स्थायिक झालेले, मूळचे यूरोपीय चित्रकार दांपत्य. मुलांच्या चित्रमय पुस्तकांचे लेखन व चित्रण दोघांनी मिळून केले. शिळाछापावर, म्हणजे दगडावर स्वहस्ते चित्र काढून छापण्याच्या तंत्रावर, उभारलेली रंगीत बालपुस्तके ही त्यांची खरी कामगिरी होय.

इंग्रींचा जन्म नॉर्वेतील काँग्सबर्ग या चांदीच्या खाणींच्या गावी झाला. माहेरचे आडनाव मॉर्टेनसन. ज्येष्ठ नॉर्वेजियन चित्रकर्ती हॅरिएट बाकर यांनी त्यांना लहान वयातच प्रोत्साहन दिले. एडगर म्युनिकमध्ये जन्मले. वडील जीनो पारिन हे त्रिएस्त (आज इटलीत असलेले शहर) येथील नामवंत व्यक्तिचित्रकार. ते ज्यू असल्याने नाझींच्या हाती सापडले व १९४४ मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावले. ‘दोलेर’ हे एडगरनी आईकडून घेतलेले नाव. म्युनिकमध्ये हान्स होफमान यांच्या कलाशाळेत दोघांची ओळख झाली व १९२५ मध्ये विवाह झाला. अमेरिकेतील आगमनाचे वर्ष संदर्भग्रंथांत एकसारखे नाही. काही ठिकाणी १९२५, तर काही ठिकाणी १९२९ आढळते. एडगर आधी गेले व कायमचा मुक्काम १९२९ च्या सुमारास पडला, असे मानल्यास दोन्ही नोंदींचा मेळ बसतो.

प्रारंभी दोघांचे व्यवसाय वेगळे होते. एडगर इतरांच्या ग्रंथांसाठी चित्रे काढीत, तर इंग्री व्यक्तिचित्रे, विशेषतः मुलांची, रंगवीत. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरल मूर यांनी त्यांना मुलांच्या पुस्तकांकडे वळवले. १९३१ मध्ये द मॅजिक रग हे पहिले संयुक्त पुस्तक निघाले. नॉर्वेतल्या मुलाची गोष्ट सांगणारे ओला (१९३२) व उत्तरेकडील सामी या आदिवासी समाजाच्या मुलांवरचे चिल्ड्रन ऑफ द नॉर्थलाइट्स (१९३५) ही त्यानंतरची पुस्तके. यांपैकी दुसऱ्या पुस्तकासाठी दोघांनी उत्तर ध्रुववृत्तालगतच्या प्रदेशात प्रवास केला होता.

तंत्र : शिळाछापाचा शोध आलॉइस झेनेफेल्डर यांनी म्युनिकमध्ये लावला. त्याचे वर्ष १७९६ की १७९८ याबद्दल मतभेद आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी दगड कोरून उठाव निर्माण केला होता. सपाट दगडावरची, केवळ रासायनिक तत्त्वावरची छपाई त्यानंतरची. त्यामुळे तंत्राच्या दृष्टीने १७९८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. तत्त्व साधे आहे : तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातील सोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडक घासून सपाट करतात, त्यावर मेणकट खडूने चित्र काढतात, मग डिंक व सौम्य नत्राम्ल यांचा लेप देतात. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त मेणकट रेघांना धरते. मराठी वाचकाला हे तंत्र परके नाही. शिळाप्रेसवरच्या पोथ्या व रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रे याच कुळातली.

दोलेरांच्या कामात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. एका रंगीत चित्रासाठी साधारणतः चार : काळा, तांबडा, निळा, पिवळा. मोठ्या शिळेचे वजन ९० किलोच्या घरात जाई. हिरवे कुरण हवे असेल तर ते कोणत्याही एका दगडावर नसे. निळ्याच्या शिळेवर एक अंश, पिवळ्याच्या शिळेवर दुसरा, आणि दोन्ही एकमेकांवर बिनचूक बसले तरच कागदावर हिरवे दिसे. खोडायची सोय जवळजवळ नाही. चुकलेली रेघ पात्याने खरवडावी लागे. खडूचा दाणेदार, लोकरीसारखा पोत हे या चित्रांचे लक्षण दगडाच्या पृष्ठभागातूनच येते आणि ते दुसऱ्या कशाने साधत नाही. मात्र याला हातछपाई समजू नये. मोठ्या आवृत्तीसाठी दगडावरचे चित्र धातूच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची रीत त्या काळी रूढ होती. हाताचे काम ते रेखाटनाचे व रंगविभाजनाचे, जे एरवी छापखान्यातील कारागिरांवर सोपवले जाई.

खर्चाचाही ठसा पुस्तकांवर आहे. छपाईच्या तावाची एक बाजू सर्व रंगांत व दुसरी केवळ काळ्या शाईत छापली जाई. त्यामुळे घडी घातल्यावर रंगीत व कृष्णधवल पाने आलटून पालटून येतात. ही काटकसर दोलेरांनी लयीसारखी वापरली, हे त्यांचे मोठेपण.

जॉर्ज वॉशिंग्टन (१९३६) नंतर आलेल्या अब्राहम लिंकन (१९३९) या पुस्तकाला १९४० चे कॉल्डेकॉट पदक (उत्कृष्ट चित्रमय बालपुस्तकासाठीचा अमेरिकी सन्मान) मिळाले. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या पदकाचे ते तिसरे मानकरी. लिंकन जिथे वाढले तो मुलूख दोघांनी आधी फिरून पाहिला. पुस्तकात हत्येचा उल्लेख नाही. दमलेले लिंकन खुर्चीत विसावतात तिथे ते थांबते. लीफ द लकी (१९४१), पोकाहाँटस (१९४६), बेंजामिन फ्रँकलिन (१९५०) व कोलंबस (१९५५) ही चरित्रे याच मालिकेतली. मूळ अमेरिकन व कृष्णवर्णीय व्यक्तींच्या चित्रणावर पुढे टीका झाली, ती रास्त आहे.

१९४० नंतरच्या काळात केव्हातरी दगड मागे पडून ॲसिटेटचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, पारदर्शक पत्रे आले. लिंकनची चित्रे १९५७ च्या आवृत्तीसाठी या पत्र्यांवर पुन्हा काढली गेली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्यास नव्या रेषा काहीशा कोरड्या वाटतात. जुनी प्रत पाहिलेल्याला ही उणीव जाणवतेच.

चित्रातला कोणता भाग कोणाचा, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केला. नाट्य व रचना एडगरची, मुलांचे हावभाव व विनोद इंग्रींचा, अशी वाटणी काहींनी सुचवली आहे. पण दोघेही लिहीत व दोघेही चित्रे काढीत, आणि पुस्तकांवर नावे कायम दोन असत. एका चित्राचे चार दगड असताना अशी वाटणी फार ताणणे योग्य नव्हे.

१९४१ पासून त्यांचे घर कनेक्टिकट राज्यातील विल्टन येथे होते. त्यांना पेर ओला व निल्स हे दोन मुलगे. उत्तरार्धातील बुक ऑफ ग्रीक मिथ्स (१९६२) हे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक. मुखपृष्ठावर सूर्यदेव हेलिओस व त्याचे घोडे आहेत. नॉर्स गॉड्स अँड जायंट्स (१९६७) व ट्रोल्स (१९७२) मध्ये इंग्रींच्या बालपणीचे कथाविश्व परतले. १९७० मध्ये दोघांना बालसाहित्यातील कार्याबद्दल दिले जाणारे रेजिना पदक मिळाले. नॉर्स कथांचे पुस्तक २००५ मध्ये नव्या नावाने पुन्हा निघाले. त्यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत.