व्हिडिओ गेम समीक्षागुणांची विश्वासार्हता

व्हिडिओ गेमच्या परीक्षणाअखेर समीक्षक दहापैकी, शंभरपैकी किंवा ताऱ्यांत जे गुण देतो, ते कितपत प्रामाणिक असतात याविषयीची साशंकता. ‘पैसे घेऊन गुण दिले’ हे तिचे सर्वांत प्रचलित रूप. मात्र गाजलेल्या प्रकरणांत थेट लाच क्वचितच सिद्ध झाली आहे. गुण वाकतात ते बहुधा चार ठिकाणी : जाहिरातींवरचे अवलंबित्व, गेमची प्रत आधी मिळण्याच्या अटी, मोजपट्टीचा आक्रसलेला वापर आणि सरासरी काढण्याची रीत.

गुण देण्याची प्रथा १९८० च्या दशकात, साधारणपणे त्याच्या पूर्वार्धात, रुळलेली दिसते. ब्रिटनमधील ‘क्रॅश’ (१९८४) हे मासिक ग्राफिक्स, खिळवून ठेवण्याची ताकद अशा घटकांना वेगवेगळे शेकडा गुण देई. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाने चार समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे व बेरीज चाळीसपैकी करायची, अशी पद्धत रूढ केली. तिथे पहिले ४०/४० १९९८ साली ‘द लिजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ला मिळाले. २००० अखेर असे गेम तीनच होते. २००३ नंतरच्या दहा वर्षांत मात्र त्यांत दहाहून अधिकांची भर पडली, आणि पूर्ण गुण स्वस्त झाल्याची टीका तेव्हापासून चालू आहे.

मोजपट्टी का आक्रसली, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा प्रश्न आहे. दहाच्या पट्टीवर सरासरी गेमला पाच मिळायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक गुण सात ते नऊमध्ये दाटलेले असतात. मेटाक्रिटिक या संकलक संकेतस्थळाच्या रंगपद्धतीतही हे मान्य केलेले दिसते : चित्रपटाला ६१ पासून हिरवा (‘चांगला’) रंग मिळतो, गेमला मात्र ७५ पासून. याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले, प्रकाशकांचा आर्थिक दबाव. दुसरे, निवड : संपादक मुळातच बरे वाटणारे गेम परीक्षणाला घेतात, टाकाऊ शेकडो गेमना जागाच मिळत नाही. तिसरे, अमेरिकी शाळेची सवय : तिथे ७० टक्के म्हणजे जेमतेम. यांपैकी दुसरे व तिसरे मिळून रोजच्या दाटीचा बराच उलगडा करतात. दबावाने एखाददुसरे टोक समजते, सगळा उंचवटा नाही. ३५ ला उत्तीर्ण आणि ६० ला प्रथम श्रेणी मानणाऱ्या मराठी वाचकाची इथे हमखास फसगत होते. गेमच्या जगात ६५ ला पहिला वर्ग समजत नाहीत, ‘घेऊ नका’ असा त्याचा अर्थ लावतात. ब्रिटनमधील ‘अमिगा पॉवर’ने (१९९१–९६) पूर्ण पट्टी वापरण्याचा आग्रह धरला व सामान्य गेमना खरोखरच पन्नाशीच्या आसपास गुण दिले, तो प्रयोग अपवादच ठरला.

दुसरी गुंतागुंत सरासरीची. २००१ साली सुरू झालेले मेटाक्रिटिक निवडक प्रकाशनांतील परीक्षणांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाला किती भार, हे जाहीर केले जात नाही. भाराचा परिणाम किती होतो हे कल्पित उदाहरणाने समजेल. वीस परीक्षणांपैकी एकोणिसांनी ८५ व एकाने ३५ गुण दिले, तर साधी सरासरी ८२.५ येते. त्या एकाचा भार दीडपट धरला, तर ती ८१.३ वर उतरते. रूपांतरणातही अर्थ बदलतो. अक्षरश्रेणीतील ‘बी वजा’ म्हणजे अमेरिकी शाळेत सुमारे ८०. मेटाक्रिटिकच्या तक्त्यात ती ६७ होते. समीक्षकाने ‘चांगला’ म्हणून दिलेले पाचपैकी तीन तारे ६० होऊन पिवळ्या (‘संमिश्र’) रंगात दिसतात. म्हणजे समीक्षक प्रामाणिक असूनही आकडा दिशाभूल करू शकतो. शिवाय पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलेच गुण धरण्याचे या संस्थेचे धोरण आहे. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’चे सर्व्हर कोलमडले तेव्हा ‘पॉलिगॉन’ या संकेतस्थळाने आपले ९.५ गुण आधी ८, मग ४ व शेवटी ६.५ केले, संकलनात ९.५ च राहिले. २०१५ पासूनचे ‘ओपनक्रिटिक’ हे दुसरे संकलक संकेतस्थळ भार न देता सरासरी काढते व शिफारस करणाऱ्यांची टक्केवारीही दाखवते.

मेटाक्रिटिकच्या आकड्याला पैसा जोडला गेल्यावर शंका बळावली. ‘फॉलआउट : न्यू वेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यासच बोनस मिळणार होता, मिळाले ८४, हे २०१२ मध्ये संस्थेच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनीच उघड केले.

संपादकीय दबावाचे सर्वाधिक चर्चिलेले प्रकरण गेमस्पॉट या संकेतस्थळाचे. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथले संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ला ६.० गुण दिले. त्या वेळी संकेतस्थळभर याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. महिनाअखेर त्यांना काढण्यात आले. जाहिरातदाराचा दबाव हे कारण असल्याचे संस्थेने तेव्हा नाकारले. करारातील मौनाची अट मार्च २०१२ मध्ये उठल्यावर गर्स्टमन यांनी सांगितले, की अनेक गुणांवरून प्रकाशकांच्या तक्रारी होत्या आणि नव्या व्यवस्थापनाला त्या पेलता आल्या नाहीत. या प्रकरणाचे मोल असे, की इथे चढे गुण विकत घेतले गेले नव्हते; कमी गुण देणाऱ्याला किंमत मोजावी लागली होती, आणि असा धाक बाकीच्यांच्या आकड्यांत न बोलता उतरतो.

प्रत मिळण्याच्या अटी यापेक्षा कमी दिसतात, पण रोज लागू असतात. प्रकाशक विक्रीपूर्वी काही दिवस प्रत देतो आणि ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेपर्यंत परीक्षण प्रसिद्ध न करण्याची अट (एम्बार्गो) घालतो. कथेचा कोणता भाग सांगायचा, कोणते चित्रण दाखवायचे हेही ठरलेले असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’वरील एम्बार्गो अमेरिकेत विक्री सुरू झाल्यानंतर सुमारे बारा तासांनी उठला, तोवर हौशी ग्राहकांनी सदोष गेम घेतला होता. ‘सायबरपंक २०७७’च्या वेळी (डिसेंबर २०२०) समीक्षकांना आधी फक्त पीसी आवृत्ती मिळाली व स्वतःचे चित्रण वापरण्यास मनाई होती. सुरुवातीची सरासरी नव्वदीत गेली. जुन्या कन्सोलवरील आवृत्ती मात्र इतकी बिघडलेली निघाली, की आठवड्याभरात सोनीने ती आपल्या स्टोअरवरून काढली. ती जून २०२१ मध्ये परतली. उलट प्रकारही घडतो : ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड’मध्ये (२०१९) पैसे देऊन वस्तू घेण्याची सोय परीक्षणे येऊन गेल्यावर घालण्यात आली.

म्हणून गुण वाचताना आवृत्ती (पीसी की कन्सोल), परीक्षणाची तारीख, पहिल्या दिवसाचा पॅच (दुरुस्ती) होता का, गेम संपवला का आणि ऑनलाइन भाग खऱ्या गर्दीत खेळला की रिकाम्या सर्व्हरवर, एवढे आधी पाहावे. परीक्षणात हे नोंदवलेले नसेल, तर आकड्यावर विसंबू नये.

ग्राहकांचे गुण हा यावरचा उतारा मानला जातो, तो अर्धाच खरा आहे. स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरील ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ नव्हेत. शंभरांतील नव्वद जणांनी अंगठा वर केला, एवढाच त्याचा अर्थ. सर्वांना गेम ‘ठीक’ वाटला तरी आकडा शंभर येऊ शकतो. फुकट कीच्या (गेम उघडण्याच्या संकेतांकाच्या) बदल्यात येणारी परीक्षणे रोखण्यासाठी स्टीमने सप्टेंबर २०१६ पासून बाहेरून मिळालेल्या कीवरची परीक्षणे गुणांत धरणे थांबवले. संघटितपणे वाईट गुण ओतण्याचे प्रकार वेगळेच. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’वर जून २०२० मध्ये, तो संपवण्याइतका वेळही गेलेला नसताना शून्यांचा मारा झाला. त्यानंतर मेटाक्रिटिकने विक्रीनंतरचे पहिले ३६ तास ग्राहकांची परीक्षणे बंद ठेवली.

गुणच नकोत, हा मार्ग काहींनी स्वीकारला. ‘रॉक पेपर शॉटगन’ हे संकेतस्थळ सुरुवातीपासून विनागुण आहे; ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण सोडले, पण २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने परत आणले.

सशुल्क प्रसिद्धीबाबत कायद्याचे लक्ष गुणांपेक्षा यूट्यूबकडे अधिक गेले आहे. ‘मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डोर’च्या प्रसिद्धीसाठी यूट्यूबरना पैसे दिल्याचे नीट उघड न केल्याबद्दल वॉर्नर ब्रदर्सने २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. भारतात मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर जाहिरातींवर ठळक खूण सक्तीची केली. ऑनलाइन ग्राहक-परीक्षणांसाठीचे आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक २०२२ मध्ये ऐच्छिक म्हणून आले. त्याचा रोख ग्राहकांनी लिहिलेल्या परीक्षणांवर असून समीक्षकांच्या गुणांना ते लागू होत नाही.