मिनरल वॉटर मागितलं, हातात काय आलं?

एसटी स्टँडवर ‘एक मिनरल वॉटर द्या’ म्हटलं की मिळते ती बाटली बहुतेक वेळा मिनरल वॉटरची नसतेच. लेबल फिरवून बघा. ब्रँडच्या ठसठशीत नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं सापडेल. बिसलेरी, किनले, अ‍ॅक्वाफिनाच्या नेहमीच्या बाटल्या, अंबरनाथच्या प्लांटमधलं रेल नीर, सगळं याच जातीचं.

हे पाणी बोअरचं, नदीचं, अगदी नळाचंसुद्धा चालतं. ते गाळायचं, बहुधा आरओतून काढायचं, ओझोनने किंवा अतिनील किरणांनी जंतू मारायचे आणि भरायचं. आरओत क्षारही निघून जातात, म्हणून काही कंपन्या मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार चवीपुरते परत घालतात. ‘विथ अ‍ॅडेड मिनरल्स’ म्हणतात ते हेच. याचं भारतीय मानक आयएस 14543.

नॅचरल मिनरल वॉटरचं मानक वेगळं, आयएस 13428. ते पाणी जमिनीखालच्या ठरावीक स्रोतातूनच यायला हवं, तिथेच जवळपास बाटलीत भरायला हवं आणि त्यातल्या क्षारांचं मूळ प्रमाण बदलेल असं काही करायचं नाही. म्हणजे आरओ बाद. टाटांचं ‘हिमालयन’ या प्रकारातलं, हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातलं. ते महाग असतं, पण म्हणून जास्त शुद्ध असतं असं नाही. जंतूंच्या बाबतीत दोघांनाही नियम कडकच आहेत. लेबलवरचे बर्फाचे डोंगर मात्र कोणीही छापतं, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो.

(ऑफिसात येणारे थंड पाण्याचे जार, ज्यांना ना सील ना लेबल, ते या दोन्हींत बसत नाहीत.)

प्लॅस्टिकच्या बाबतीत फरक संपतो. बाटली दोन्हीकडे पीईटी या प्लॅस्टिकचीच, बुडाशी त्रिकोणात त्याची खूण, 1. उलट सिरमौरची बाटली मुंबईला यायची तर दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून येते. रिकामी, कोरडी बाटली भंगारात विकली जाते. तिची पुन्हा बाटली कमी वेळा होते, बहुतेकदा पॉलिएस्टरचा धागा होतो. लग्नातली दोनशे मिलीची, दोन घोट पिऊन टाकलेली बाटली मात्र पत्रावळींबरोबर ओल्या कचऱ्यात जाते, आणि ती वेचायला कोणीतरी बाई खरकट्यात हात घालते.