वहीतल्या नावापासून मोबाइलच्या कुलपापर्यंत

सार्वजनिक सायकल ही कल्पना आपल्याकडे केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या फायलीतून आली, असा एक समज आहे. पण छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, कुठल्याही शहरात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला विचारा, त्याला तासाच्या भाड्याची सायकल आठवेल. दुकानापुढे ओळीने लावलेल्या सायकली, मडगार्डवर रंगवलेला नंबर. दुकानदार वहीत नाव आणि वेळ टिपायचा, त्याआधी एकच प्रश्न: "कुणाचा रे तू?" बापाचं नाव ओळखीचं निघालं की सायकल मिळाली. अनोळखी पोराला नाही. शिवाय जिथून नेली तिथंच परत आणून लावायची.

अनोळखी माणसाला सायकल कशी द्यायची आणि ती दुसरीकडे कशी सोडू द्यायची, नेमकं हेच कोडं सोडवायला युरोपला चाळीस वर्षं लागली. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो या बंडखोर तरुणांच्या चळवळीतल्या लूड स्किमेलपेनिंकने पांढऱ्या सायकलींची योजना मांडली: कुणीही घ्यावी, कुठंही सोडावी. पालिकेने ती नाकारली, तेव्हा या पोरांनी स्वतःच काही सायकली रंगवून रस्त्यावर ठेवल्या. कुलूप न लावता सायकल सोडणं बेकायदा, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणं टाकून सुटणारी सायकल आणली. सायकल जागेवर लावली की नाणं परत. पण नाण्याला नाव नसतं. सायकल कुणी पळवली हे कळायला मार्गच नव्हता. फ्रान्समध्ये रेन शहराने १९९८ साली सायकल घेणाऱ्याला नावावरचं कार्ड दिलं, २००५ मध्ये लिऑनने आणि २००७ मध्ये पॅरिसने ते मोठ्या प्रमाणावर वापरलं. आता सायकलीमागे नाव आलं. म्हणजे पुन्हा वहीच, फक्त दुकानदाराची ओळख लागत नव्हती, आणि सायकल दुसऱ्या स्टँडवर सोडता येत होती. पॅरिसमध्ये पहिला अर्धा तास फुकट होता, तो सायकल अडकून न राहता फिरत राहावी म्हणून.

भारतात म्हैसूरने २०१७ साली साधारण ४५० सायकलींनिशी सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात स्टँडच नसलेल्या, मोबाइलने कोड स्कॅन करून उघडणाऱ्या सायकली आल्या. दोनेक वर्षांत त्यातल्या बऱ्याच दिसेनाशा झाल्या.

मराठवाड्यातली तासाची सायकल मात्र चोरीमुळे गेली नाही. १९७२ साली लुना ही मोपेड आली. १९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी हेच शहराचं पोट झालं. इकडे सिडको, तिकडे वाळूज असं गाव पसरलं. दहा-पंधरा किलोमीटर पायडल मारून कारखान्यातली पाळी गाठायची, तेही एप्रिलच्या उन्हात, हे कुणाला सांगणार? हळूहळू दुकानदारांनी भाड्याच्या सायकली विकल्या आणि पंक्चर काढत बसले.

२०१६ साली हे शहर स्मार्ट सिटी यादीत आलं, २०१९ पासून स्मार्ट सिटीची बस धावू लागली, २०२० मध्ये सायकलचा वापर वाढावा म्हणून केंद्राने शहरांची स्पर्धा लावली. सायकलीची खरी जागा बसनंतरच्या दीड-दोन किलोमीटरांत आहे. आज तिथं माणूस एक तर चालतो, नाहीतर सीट भरल्याशिवाय न हलणाऱ्या रिक्षात बसून राहतो. जिंतूरहून शिकायला आलेल्या पोराला जुन्या दुकानात सायकल मिळाली नसती. मोबाइलने उघडणारी सायकल त्याला बापाचं नाव विचारत नाही, खात्यात अनामतीपुरते पैसे आहेत का तेवढं बघते.