चामखिळीच्या विषाणूचे वेळापत्रक पेशीच्या हाती

हातापायांवर चामखीळ उठते ती मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे. त्याचा वर्तुळाकार डीएनए जेमतेम ८,००० अक्षरी. जनुके वाचून त्यांचा आरएनए बनवणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. ती पेशीचीच वापरावी लागते, आणि त्यामुळे कोणते जनुक कधी वाचायचे हेही बरेचसे पेशीच ठरवते.

त्वचेच्या तळथरातल्या पेशी विभाजित होतात. त्यांतल्या काही वर सरकतात, विभाजन थांबवतात, केराटिनने भरतात आणि शेवटी मरून गळून पडतात. विषाणू बारीकशा जखमेतून तळाच्या पेशीत शिरतो, पण तिथे जवळजवळ गप्प असतो. त्याच्या कवचाची एल-१ आणि एल-२ ही प्रथिने वरच्या थरांतच तयार होतात.

हे घडते कसे, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. विषाणूच्या डीएनएच्या एका पट्ट्यात एकही जनुक नाही. एपी-१, एसपी-१, वायवाय-१ अशी पेशीची प्रथिने तिथे येऊन बसतात. काही वाचन वाढवतात, काही रोखतात. एचपीव्ही-१८ या कर्करोगकारक प्रकारात वायवाय-१ आणि सीटीसीएफ ही दोन प्रथिने मिळून डीएनएला वळसा देतात, आणि ई-६, ई-७ या जनुकांचे वाचन दबून राहते. पेशी परिपक्व होऊ लागली की वायवाय-१ कमी होते, वळसा सुटतो आणि वाचन वाढते. शिवाय तळाच्या पेशीत विषाणूचा आरएनए कवचाच्या जनुकांपर्यंत पोहोचण्याआधीच तोडला जातो. तो कुठे कापायचा, कुठे जोडायचा हे पेशीची प्रथिनेच ठरवतात, आणि वरच्या थरांत त्यांचा निर्णय बदलतो.

मात्र विभाजन थांबवलेल्या पेशीत डीएनएची नक्कल करणारी सामग्री उरत नाही. म्हणून ई-७ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखणाऱ्या आरबी या लगामालाच निकामी करते. कर्करोगकारक प्रकारांचे ई-६ पेशीच्याच एका विकराच्या मदतीने पी-५३ हे रक्षक प्रथिन नष्ट करवते. विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसताना ई-६ आणि ई-७ ला आवरणारे ई-२ हे जनुक अनेकदा मोडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे नेणारी ही एक महत्त्वाची वाट आहे. हा कर्करोग आणि एचपीव्ही यांचा संबंध दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. कर्करोगाच्या पेशी नीट परिपक्वच होत नाहीत, त्यामुळे तिथे नवे विषाणूही सहसा तयार होत नाहीत. कर्करोगातून विषाणूला काहीच मिळत नाही.

एचपीव्हीची लस एल-१ प्रथिनापासून बनते. तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. पण आधी संसर्ग झालेल्या तळाच्या पेशीत एल-१ नसतेच, म्हणून तिथला विषाणू ही लस हटवू शकत नाही. लस संसर्गाआधी, लहान वयातच देण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.