सुधारित चूल

कमी सरपणात तेवढाच स्वयंपाक व्हावा अशा बेताने घडवलेली लाकडावरची घरगुती चूल. निर्धूर चुलीशी तिची नेहमी गल्लत होते. धूर घराबाहेर काढणे आणि जळण वाचवणे ही कामे मात्र वेगळी आहेत; धुराड्याच्या ओढीने भांड्याखालची ऊब निघून जाऊन लाकूड उलट जास्तही लागते.

चुलीतील अशा सुधारणांचा आरंभ नेमका कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. वर्ध्याच्या मगनवाडी या ग्रामोद्योग केंद्रातील मगन चूल साधारणपणे १९४७ च्या सुमाराची मानली जाते. काही लेखक मात्र हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांच्या अनेक तोंडांच्या चुलीपासून (पुस्तिका, १९५३) सुरुवात करतात. छापील आराखड्यांचा विचार करता राजूंचे नाव पुढे येते, पण कालक्रम मगन चुलीच्या बाजूने अधिक झुकतो. दोन्हींचा भर धुरावर होता, जळणावर नव्हे.

तीन दगडांच्या उघड्या चुलीतही लाकूड बहुतांशी पूर्ण जळते. वाया जाते ती उष्णता. भांड्याला तिचा १० ते १५ टक्के वाटा मिळतो असे सहसा धरतात. ग्वातेमालात १९७६ च्या भूकंपानंतर प्रसार पावलेल्या लोरेना या माती-वाळूच्या चुलीच्या रचनेमागे जाड भिंत ऊब धरून ठेवते अशी समजूत होती. १९८० नंतरच्या चाचण्यांत ती फारशी टिकली नाही: जड माती उष्णता राखण्याऐवजी आधी स्वतःच पिऊन टाकते, आणि लहान स्वयंपाकात ती परत मिळत नाही. जड असणे म्हणजे उष्णतारोधक असणे नव्हे, हा भेद येथे निर्णायक ठरला. अमेरिकन अभियंते लॅरी विनियार्स्की यांच्या रॉकेट चुलीत म्हणूनच जाळाची उभी नळी हलक्या, सच्छिद्र पदार्थाने वेढलेली असते आणि लाकूड खालच्या आडव्या तोंडातून टोकाकडून जळत जाते. भांड्याभोवती पत्र्याचे कडे घालून काही मिलिमीटरांची फट ठेवली की तप्त वायू भांड्याच्या बाजूंनाही घासत वर जातात. फट रुंद झाल्यास लाभ झपाट्याने घटतो, अगदी अरुंद झाल्यास ओढ मंदावते.

पंख्याने हवा फुंकणाऱ्या आणि सरपण वरून पेटवायच्या चुली हा पुढचा टप्पा. भारतात व चीनमध्ये १९८० च्या दशकात मोठे सरकारी कार्यक्रम झाले. भारतातील २००२ मध्ये थांबला. पाणी उकळण्याच्या चाचणीतील बचत घरात तेवढी दिसत नाही, कारण तेथे लाकूड ओले असते, भांडी लहानमोठी असतात आणि जुनी चूलही शेजारी पेटत राहते.